एक ‘पर्यंत’, इंग्रजीत तीन: नेमका शब्द निवडायचा कसा?

वाक्यविच्छेद
‘बाय’ की ‘टिल’, ‘सिन्स’ की ‘फॉर’ हे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांत फिरून फिरून येतात आणि उत्तरात दर वेळी इंग्रजी व्याकरणाचा नियम चिकटवला जातो. नियम पाठ असूनही लिहिताना चूक होते, कारण वाक्य डोक्यात मराठीत तयार झालेलं असतं आणि मराठीचा एक ‘पर्यंत’ इंग्रजीत तीन ठिकाणी फुटतो. म्हणून माझं म्हणणं असं की निवड मराठीतच करून टाकावी. मराठी वाक्य थोडं ताणून, बदलून बघायचं. कुठला बदल चालतो त्यावरून इंग्रजी शब्द ठरतो.

‘पर्यंत’पासून सुरुवात करू.

‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’. दोन्हींत ‘पर्यंत’ आहे. आता त्याच्या जागी ‘च्या आत’ घाला. ‘शुक्रवारच्या आत पाठवा’ चालतं. ‘शुक्रवारच्या आत थांबा’ कोणी म्हणत नाही. जिथे ‘च्या आत’ चालतं तिथे ‘बाय’: ‘सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे’. जिथे चालत नाही तिथे ‘अन्टिल’ किंवा ‘टिल’: ‘वेट अन्टिल फ्रायडे’.

कारण साधं आहे. पाठवणं, भरणं, पोचणं, संपवणं ही कामं एकदाच होतात, मुदतीआधी कधीही झाली तरी चालतात. थांबणं, राहणं, उघडं असणं या गोष्टी त्या क्षणापर्यंत सलग चालू राहतात. ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ असं लिहिलं, तर इंग्रजी वाचणाऱ्याला शब्दशः ‘शुक्रवार उजाडेपर्यंत फॉर्म भरतच राहा’ असं ऐकू येतं. अर्थ तो लावून घेतो, पण अडखळून.

तिसरा ‘पर्यंत’ जागेचा आणि मापाचा. ‘गुडघ्यापर्यंत पाणी’, ‘शंभरपर्यंत आकडे’, ‘दहाव्या पानापर्यंत वाचलं’. इथे ‘अप टू’. प्रवासाचं अंतर असेल तर ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’ किंवा नुसतं ‘टू’. आणि ‘अप टू’ हे दोन शब्द आहेत, जोडून लिहू नका. आपल्याकडच्या सेलच्या फलकांवर ते जोडूनच असतं, पण म्हणून बरोबर ठरत नाही.

खडू_फळा
‘च्या आत’ची कसोटी छान आहे, वर्गात वापरता येईल. एक पुस्ती. ‘टिल’ आणि ‘अन्टिल’ यांच्या अर्थात फरक नाही. ‘टिल’ हे ‘अन्टिल’चं लघुरूप आहे असं पुष्कळांना वाटतं, म्हणून ते आधी अपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या वर येणारा स्वल्पविराम) देऊन एका ‘एल’चं ‘टिल’ लिहितात. प्रत्यक्षात ‘टिल’ हा शब्द ‘अन्टिल’पेक्षा जुना आहे. दोन ‘एल’ लिहावेत, अपॉस्ट्रॉफी नको. वाक्याची सुरुवात करायची असेल आणि मजकूर औपचारिक असेल, तर ‘अन्टिल’ जास्त बरा दिसतो, एवढंच.

मसुदेदार
कसोटी मान्य, पण मुदतीच्या बाबतीत तिला एक भोक आहे. ‘शुक्रवारच्या आत’ म्हटल्यावर शुक्रवार धरायचा की नाही? मराठीत दोन माणसं दोन अर्थ काढतात. इंग्रजी ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’मध्ये नसतो. म्हणून ‘च्या आत’ दिसलं की आपोआप ‘बिफोर’ लिहू नका. एका दिवसाचा फरक पडतो आणि निविदेत तो दिवस महाग जातो.

सरकारी आणि न्यायालयीन मसुद्यात म्हणूनच ‘ऑन ऑर बिफोर’ लिहायची पद्धत आहे. लांबलचक वाटतं, पण शंका उरत नाही. वेळही घालावी: ‘बाय 5 पीएम ऑन 30 जून’. नुसतं ‘बाय 30 जून’ लिहिलं, की कोणीतरी रात्री 11.58 ला ईमेल पाठवणार आणि मुदतीत पाठवला म्हणणार.

‘अन्टिल’लाही हाच आजार आहे. ‘द ऑफर इज ओपन अन्टिल 30 जून’ यात 30 तारीख आत की बाहेर? ब्रिटिश मजकुरात पुढे ‘इन्क्लुझिव्ह’ जोडतात. अमेरिकन लोक ‘थ्रू जून 30’ म्हणतात, त्यात 30 तारीख धरलेलीच असते. वाचणारा अमेरिकेतला असेल तर ‘थ्रू’ बिनधास्त वापरा. ब्रिटनमध्ये तो तितका रुळलेला नाही.

नर्मदेकाठी
‘पर्यंत’वर बोलताय आणि सगळ्यात मोठी चूक राहिलीच. ‘जोपर्यंत तुम्ही पैसे भरत नाही तोपर्यंत माल सुटणार नाही.’ याचं हमखास होणारं भाषांतर: ‘अन्टिल यू डोन्ट पे, द गुड्स विल नॉट बी रिलीज्ड.’ मराठीत ‘जोपर्यंत’च्या वाक्यात नकार लागतो, हिंदीतही लागतो. इंग्रजीत लागत नाही. ‘अन्टिल यू पे’ एवढंच. नकार मुख्य वाक्यात एकदा आला, तेवढा पुरे.

‘अनलेस’चंही तेच. ‘पैसे भरल्याशिवाय’ या शब्दातच नकार मुरलेला आहे, तसा ‘अनलेस’मध्ये मुरलेला आहे. ‘अनलेस यू डोन्ट पे’ लिहिलं तर अर्थ उलटा होतो: पैसे न भरण्याची अट घातल्यासारखं वाचलं जातं.

वाक्यविच्छेदांच्या पद्धतीने कसोटी द्यायची तर: मराठी वाक्य ‘जोपर्यंत… नाही’ असं आलं, की ते आधी ‘भरेपर्यंत’ असं करून घ्या. ‘पैसे भरेपर्यंत माल सुटणार नाही.’ नकार आपोआप गळतो आणि मग ‘अन्टिल यू पे’च सुचतं.

वाक्यविच्छेद
@नर्मदेकाठी, ‘भरेपर्यंत’ झकास. @मसुदेदार, तारखेचा मुद्दा बरोबर, कसोटी फक्त ‘बाय’ की ‘अन्टिल’ एवढंच ठरवते, तारीख आत की बाहेर हे वेगळं बघावं लागतं.

आता ‘पासून’. यात गोची अशी की मराठीत ‘सोमवारपासून’ही म्हणतो आणि ‘तीन वर्षांपासून’ही. पहिला क्षण आहे, दुसरा कालावधी. इंग्रजीला हा फरक हवाच. कसोटी: आधी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून ‘पासून’ काढून बघा. ‘गेली तीन वर्षं इथे राहतो’ चालतं, म्हणून ‘फॉर थ्री यिअर्स’. ‘गेले 2019 इथे राहतो’ चालत नाही, म्हणून ‘सिन्स 2019’. ‘सिन्स लास्ट थ्री यिअर्स’ हे ऑफिसात रोज ऐकू येतं, ते ‘फॉर द लास्ट थ्री यिअर्स’ हवं, आणि ‘लास्ट’च्या आधीचा ‘द’ गाळायचा नाही.

शब्द बरोबर आला तरी क्रियापद फसतं. मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘आय लिव्ह हिअर सिन्स 2019’ किंवा ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स 2019’ दोन्ही चूक. ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. म्हणून मराठीत ‘पासून’ आणि वर्तमानकाळ एकत्र दिसले, की इंग्रजीत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ शोधायचा.

भविष्यातल्या ‘पासून’ला ‘सिन्स’ कधीच चालत नाही. ‘सोमवारपासून सुट्टी आहे’, आणि सोमवार यायचाय, तर ‘फ्रॉम मंडे’.

अर्धविराम
‘येऊन दोन वर्षं झाली’ याचं काय करायचं? यात ‘पासून’ नाही, तरी अर्थ तोच वाटतो.

खडू_फळा
@अर्धविराम, ‘इट हॅज बीन टू यिअर्स सिन्स आय केम हिअर.’ इथे ‘सिन्स’ येतो, कारण त्याच्यापुढे ‘आलो’ ही घटना आहे, म्हणजे क्षण. ‘टू यिअर्स’ आधीच सांगून झालं आहे. मराठी आणि इंग्रजी दोघांची बांधणी इथे जवळपास सारखी आहे, अशा जागा थोड्या, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपी.

पश्चिमघाट
काळाच्या शब्दांत मराठी काही ठिकाणी इंग्रजीपेक्षा जास्त नेमकी आहे, आणि तिथे आपण उगाच घोळ घालतो. ‘दोन दिवस’ला वेगवेगळे प्रत्यय लावून बघा:

दोन दिवस थांबलो: ‘फॉर टू डेज’.
दोन दिवसांनी येतो: ‘इन टू डेज’.
दोन दिवसांत देतो: ‘विदिन टू डेज’.
दोन दिवसांपूर्वी आला: ‘टू डेज अगो’.
लग्नाच्या दोन दिवस आधी आला: ‘टू डेज बिफोर द वेडिंग’.
मग दोन दिवसांनी तो परत आला, गोष्ट सांगताना: ‘टू डेज लेटर’.

फसवी जोडी दुसरी आणि तिसरी. ‘दिवसांत’मधला ‘त’ म्हणजे ‘इन’ असं गणित मांडून लोक ‘आय विल डिलिव्हर इन टू डेज’ लिहितात. समोरचा त्याचा अर्थ ‘दोन दिवसांनी’ घेतो, म्हणजे उद्या माल येऊ शकतो हे त्याच्या गावीही नसतं. कमाल मुदत सांगायची तर ‘विदिन’. उलट ‘दोन दिवसांनी’ ठामपणे सांगायचं तर ब्रिटिश पद्धतीचं ‘इन टू डेज टाइम’ आहे, त्यात ‘डेज’च्या ‘एस’नंतर अपॉस्ट्रॉफी येते.

भूतकाळात मात्र ‘इन’ बरोबर: ‘आय फिनिश्ड इट इन टू डेज’, दोन दिवसांत संपवलं. तिथे लागलेला वेळ मोजतोय, मुदत देत नाही.

आणि ‘आफ्टर टू डेज’? ‘मी दोन दिवसांनी फोन करतो’ याला ‘आय विल कॉल आफ्टर टू डेज’ म्हटलं तर कळतं, पण ‘दोन दिवस उलटल्यावर कधीतरी’ असा सैल अर्थ निघतो. ‘आफ्टर’च्या पुढे घटना असावी: ‘आफ्टर लंच’, ‘आफ्टर द मीटिंग’.

टोपणनाव_नाही
‘बिफोर टू यिअर्स’ हा ‘दोन वर्षांपूर्वी’चा अवतार पण यादीत घ्या. ‘अगो’ शब्दाच्या मागे बसतो, जसा मराठीत ‘पूर्वी’ मागे बसतो. म्हणजे मराठी क्रम तसाच ठेवला तरी बरोबर येतं! ‘अगो’सोबत ‘हॅव’ नको एवढं बघा. ‘आय हॅव मेट हिम टू यिअर्स अगो’ चूक, ‘आय मेट’ बरोबर.

पश्चिमघाट
हो, ‘बिफोर टू यिअर्स’ राहिलंच होतं.

आता एक ऑफिसछाप ईमेल रचून देतो. प्रत्येक चूक इतकी ओळखीची आहे की आपल्याकडे कोणाला खटकणारही नाही. कोणी सोडवा:

‘डिअर सर, वी डिस्कस्ड अबाउट द क्वोटेशन बिफोर टू वीक्स. आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू वीक्स. काइंडली सेंड द रिव्हाइज्ड रेट्स टिल मंडे. अन्टिल यू डोन्ट कन्फर्म, वी कॅन नॉट ऑर्डर फॉर मोअर टू मशीन्स.’

नर्मदेकाठी
ओळीने घेऊ.

‘डिस्कस्ड अबाउट’: मराठीत ‘च्याबद्दल चर्चा केली’, त्यातलं ‘बद्दल’ ओढून आणलंय. ‘डिस्कस’ हे क्रियापद कर्म थेट घेतं: ‘डिस्कस्ड द क्वोटेशन’. नाम असेल तर ‘अबाउट’ चालतो: ‘अ डिस्कशन अबाउट द क्वोटेशन’. ही खूण पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडते. ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’, ‘काँटॅक्ट’, ‘मेन्शन’ ही क्रियापदं असताना मध्ये काही नको. पहिली तीन नामं झाली, की ‘अ‍ॅन ऑर्डर फॉर’, ‘अ रिक्वेस्ट फॉर’, ‘काँटॅक्ट विथ’. मराठीत आपण बहुतेक ठिकाणी नाम आणि ‘करणे’ अशी जोडी वापरतो, ऑर्डर करणे, विनंती करणे, संपर्क करणे. त्यामुळे नामाचं शब्दयोगी क्रियापदाला चिकटतं. ‘मॅरी विथ’ तिथूनच आलं, ‘च्याशी लग्न केलं’मधला ‘शी’.

‘बिफोर टू वीक्स’: ‘टू वीक्स अगो’.

‘आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू वीक्स’: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू वीक्स’.

‘टिल मंडे’: ‘बाय मंडे’.

‘अन्टिल यू डोन्ट कन्फर्म’: ‘अन्टिल यू कन्फर्म’.

‘ऑर्डर फॉर’मधला ‘फॉर’ उडाला. ‘मोअर टू मशीन्स’ हा ‘अजून दोन मशीन’चा मराठी क्रम. इंग्रजीत आकडा आधी: ‘टू मोअर मशीन्स’. ‘अनदर’ वापरला तर मात्र तो आकड्याच्या आधी येतो: ‘अनदर टू मशीन्स’. एकच असेल तर नुसतं ‘अनदर मशीन’.

‘कॅन नॉट’ बहुतेक वेळा एकच शब्द लिहितात, ‘कॅनॉट’.

सगळं जोडून: ‘डिअर सर, वी डिस्कस्ड द क्वोटेशन टू वीक्स अगो, अँड आय अ‍ॅम स्टिल वेटिंग फॉर द रिव्हाइज्ड रेट्स. प्लीज सेंड देम बाय मंडे. वी कॅनॉट ऑर्डर टू मोअर मशीन्स अन्टिल यू कन्फर्म.’

मसुदेदार
शेवटच्या मसुद्यात व्याकरण ठीक, पण ‘स्टिल वेटिंग’ मी पाठवणार नाही. पुरवठादार चिडेल. ‘स्टिल’मध्ये वैताग येतो. ‘आय हॅव नॉट रिसिव्ह्ड द रिव्हाइज्ड रेट्स येट’ लिहिलं की तक्रार तीच, सूर खाली. दोन्ही शब्द मराठीत ‘अजून’च आहेत, म्हणून ‘अजून’ वेगळा घ्यायला हवा.

वाक्यविच्छेद
घेऊ. ‘अजून’ माझ्या मते ‘पर्यंत’पेक्षाही अवघड, कारण त्याचे चार तुकडे होतात आणि जागाही बदलतात.

‘तो अजून झोपलाय’: चालू असलेली गोष्ट, ‘स्टिल’. जागा मुख्य क्रियापदाच्या आधी किंवा ‘इज’च्या नंतर: ‘ही इज स्टिल अस्लीप’.

‘तो अजून आला नाही’: नकार, ‘येट’, वाक्याच्या शेवटी. ‘ही हॅज नॉट कम येट’. इथे ‘स्टिल’ही बसतो, पण मग तो ‘हॅज नॉट’च्या आधी जातो: ‘ही स्टिल हॅजंट कम’, आणि मसुदेदार म्हणतात तो वैताग येतो. मराठीत तो वैताग आपण आवाजात दाखवतो किंवा ‘अजूनही’, ‘अजून नाहीच आला’ असं म्हणतो. म्हणजे कसोटी पुन्हा मराठीतच आहे: ‘अजूनही’ म्हणावंसं वाटलं तर ‘स्टिल’, नुसतं ‘अजून’ पुरलं तर ‘येट’.

‘अजून चहा घ्या’: न मोजता येणारं, ‘सम मोअर टी’.

‘अजून एक पोळी’: मोजता येणारं आणि एकच, ‘अनदर’ किंवा ‘वन मोअर’. ‘वन मोअर’मध्ये मोजणीवर भर असतो, ‘अनदर’ सहज बोलण्यातला.

अर्धविराम
‘सांगणे’बद्दलही कोणीतरी लिहा. ‘से’, ‘टेल’, ‘एक्स्प्लेन’ यांत ‘मला’ आलं की गडबड होते.

खडू_फळा
तुम्हीच दुखरी जागा दाखवलीत, तो ‘ला’. मराठीत सांग, समजाव, सुचव, म्हण, सगळ्यांना ‘मला’ चालतो. इंग्रजीत क्रियापदांचे दोन गट पडतात.

माणूस थेट घेणारी: ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘आस्क मी’, ‘टीच मी’, ‘गिव्ह मी’, ‘सेंड मी’.

माणसाच्या आधी ‘टू’ मागणारी: ‘से टू मी’, ‘एक्स्प्लेन टू मी’, ‘सजेस्ट टू मी’, ‘डिस्क्राइब टू मी’, ‘मेन्शन टू मी’, ‘इंट्रोड्यूस हिम टू मी’.

‘एक्स्प्लेन मी द रूल’ आणि ‘सजेस्ट मी अ गुड डॉक्टर’ ही दोन वाक्यं सगळ्यांत जास्त दिसतात. ‘एक्स्प्लेन द रूल टू मी’ करा. ‘सजेस्ट’च्या बाबतीत माणूस गाळूनच टाका: ‘कॅन यू सजेस्ट अ गुड डॉक्टर?’ कोणाला सुचवायचं ते उघड आहे.

‘टेल’चा उलट नखरा: त्याला बहुधा ऐकणारा माणूस लागतोच. ‘ही टोल्ड दॅट…’ चूक, ‘ही टोल्ड मी दॅट…’ किंवा ‘ही सेड दॅट…’. अपवाद ठरलेले आहेत, ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल द टाइम’.

टोपणनाव_नाही
एवढं सगळं चाळत बसण्यापेक्षा थेट एआयला विचारलं तर? आणि ‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट’ हे पण चुकीच्या यादीत टाकणार का?

मसुदेदार
एआय दुरुस्त करून देईल, पण तुमची मुदत ‘बाय’ होती की ‘विदिन’ हे त्याला कुठून कळणार? चुकीच्या अर्थाचं वाक्यही तो सुबक करून देतो.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत: तिन्ही चूक नाहीत, वाचणारा कोण ते बघा. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे आणि ‘पोस्टपोन’च्या उलट अर्थाला दुसरा तितका आटोपशीर शब्द इंग्रजीकडे नाही. भारतात बेलाशक वापरा. बाहेरच्यांना ‘मूव्ह द मीटिंग अप’ किंवा ‘ब्रिंग इट फॉरवर्ड’ लिहा. अमेरिकन वाचकासाठी ‘मूव्ह अप’च बरं. ‘डू द नीडफुल’ जुन्या ब्रिटिश कारकुनी इंग्रजीतून आलंय, तिकडे आता जुनाट वाटतं. माझा आक्षेप वेगळा आहे, त्यात नक्की काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. ‘प्लीज साइन अँड रिटर्न द फॉर्म’ असं काम लिहा.

‘रिव्हर्ट’ मात्र जपून. भारत, सिंगापूर, मलेशियात तो ‘उत्तर द्या’ म्हणून चालतो. इतरत्र त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं. संगणकाचं काम करणाऱ्या माणसाला ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस’ लिहिलं, तर तो बदल मागे घेऊन मोकळा होईल.

पश्चिमघाट
तपासायचं कसं तेही सांगून ठेवतो. मराठी-इंग्रजी शब्दकोश अर्थ देतो, वापर देत नाही. त्यासाठी शिकणाऱ्यांचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिन्हींचे जालावर फुकट आहेत. व्याख्येवर थांबू नका. नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ असेल, म्हणजे मोजता येणारं किंवा न येणारं. ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’ यांच्यापुढे ‘यू’ दिसेल, त्यांना ‘एस’ लावायचा नाही. मग उदाहरणं वाचा आणि शब्दाच्या पुढे ठळक अक्षरांत काय छापलंय ते बघा, ‘एक्स्प्लेन समथिंग टू समबडी’ असा साचा तिथेच मिळतो.

दोन रचनांत खरी कुठली, हे ठरत नसेल तर वाक्यसंग्रह (कॉर्पस), म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा साठा. अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ (कॉर्पस ऑफ काँटेम्पररी अमेरिकन इंग्लिश) 1990 ते 2019 या काळातल्या मजकुराचा आहे आणि त्यात 100 कोटींहून जास्त शब्द आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 10 कोटींचा आणि जुना, बहुतांश 1990च्या आसपासपर्यंतचा. ‘डिस्कस अबाउट’ तिथे शोधलं तर थोडी वाक्यं निघतीलच. ती उघडून बघा, नुसता आकडा बघू नका. ‘वी विल डिस्कस अबाउट टेन केसेस’ अशा वाक्यात ‘अबाउट’चा अर्थ ‘सुमारे’ असतो.